अळम्यांची जागा

नोकरीत होतो तोवर मला दोनच ऋतू ठाऊक होते, एक धुळीचा आणि एक चिखलाचा. पाळी गावच्या एका लोहखनिजाच्या खाणीवर मी वजनकाट्याचा कारकून होतो. दिवाळीनंतर ट्रक सुरू व्हायचे ते पाऊस लागेपर्यंत. ट्रक काट्यावर चढायचा, मी खिडकीतून हौद्यातली माती बघायचो, वजन लिहायचो, चिठ्ठी फाडायचो आणि तेवढ्यात माझ्या चहावर लाल साय धरायची. पावसात ट्रक बंद. मग कार्यालयात बसून ओल आलेल्या फायली पंख्याखाली वाळवायच्या. आंबा कधी मोहरला, काजू कधी लागला, हे मला शनिवारी घरी आल्यावर बायको सांगायची. तेही पाहुण्याला सांगावं तसं.

खाण बंद पडली आणि मी निवृत्त झालो. दोन्ही गोष्टी इतक्या लागून घडल्या की निरोप मला दिला की खाणीला, ते कुणालाच नीट कळलं नाही. घरी आलो. आमचं घर धारगळच्या हमरस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. पहिले दोन महिने मी घरात बऱ्यापैकी उपद्रव केला. गॅसचा सिलिंडर आला की हलवून बघायचो. सुनेने डब्यांवर लावलेल्या चिठ्ठ्या काढून माझ्या अक्षरात नव्या लावल्या. मासेवालीच्या तराजूत खोट काढली. मासेवाली आमच्या दारात थांबेनाशी झाली, तेव्हा बायकोने मला पायलटच्या हवाली केलं. ह्यांना जरा रोज फिरवून आणत जा, असं तिने त्याला सांगितलं. कुत्र्याबद्दल सांगतात तसं.

पायलट म्हणजे विमानाचा नव्हे. आमच्याकडे मोटारसायकलच्या मागच्या सीटवर भाडं बसवून नेणाऱ्याला पायलट म्हणतात. पिवळ्या मडगार्डची गाडी घेऊन हा माझा मित्र जन्मभर पेडण्याच्या बसस्टँडवर उभा राहिला. मराठी शाळेत आम्ही एका बाकावर होतो. शुद्धलेखन तो माझं बघून लिहायचा आणि त्याच्या बदल्यात मला झाडावर चढवायचा. मी पास होत गेलो, तो राहिला. पुढे एक गुडघा गेला तेव्हा त्याने धंदा सोडला, पण गाडी ठेवली, आणि गावातली माणसं त्याला पायलटच म्हणत राहिली. घरातली सुद्धा.

ऋतू मला ह्या माणसाने शिकवले. साठी उलटल्यावर. फणस कापा की रसाळ ते न कापता कळतं, थापटून कान लावायचा, हे मला माहीत नव्हतं. काजूची बोंडं पायाखाली तुडवून निथळलेला नीरो दुपारच्या आत प्यायचा, कारण दुपारनंतर त्याचा स्वभाव बदलतो, हेही त्यानेच सांगितलं. पहिल्या पावसानंतर टायकळ्याची कोवळी पानं खुडायला त्याने मला माझ्याच कुंपणाशी नेलं. ती भाजी मी खात आलो होतो, ती कुठे उगवते ते विचारलं नव्हतं. थंडीत धुकं पडलं की आम्ही तळ्याच्या बांधावर बसायचो. नव्या विमानतळावर उतरणारी विमानं धुक्यात दिसायची नाहीत, नुसती ऐकू यायची. पायलट म्हणायचा, हा पण पायलटच, पण ह्याला स्टँडवर भाड्याची वाट बघत बसावं लागत नाही. हा विनोद तो दर हिवाळ्यात करायचा आणि मी दर हिवाळ्यात हसायचो.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या पावसात त्याची गाय चुकली. तिला शोधत आम्ही डोंगरावर गेलो. वर भाटकाराची काजूची जमीन आहे. भाटकार म्हणजे जमीनमालक, तो पणजीला राहायचा, जमिनीकडे फिरकायचा नाही. काजू संपतात तिथे पडका गडगा, म्हणजे दगडांचा बांध, आणि गडग्यापलीकडे करवंदीच्या जाळीआड एक रोयण. रोयण म्हणजे वारूळ. तिच्या भोवती पांढरं काही पसरलं होतं. लांबून मला वाटलं, कुणी धुणं वाळत घातलंय. ती अळमी होती. रानातली अळंबी, वारुळावर उगवते ती, हातभर लांब मुळाची. इतकी की गाय शोधायची आम्ही विसरलो. गाय आमच्याआधी घरी पोचली होती.

श्रावणात गोव्यातल्या हिंदू घरात मासळी बंद असते. त्या महिन्यात माणूस ज्या डोळ्यांनी आमटीकडे बघतो ते डोळे देवानेही बघू नयेत. अशा वेळी अळम्यांची शागुती, भाजलेल्या खोबऱ्याची, लवंगमिरीची, ही मोठी सुटका असते. म्हणून अळम्यांची जागा कुणी कुणाला सांगत नाही. बाप मुलाला सांगतो, तेही मरताना, असं आमच्याकडे गमतीने म्हणतात.

आम्ही तिथेच शपथ घेतली. डोंगर राखणारा देवचार आहे, अशी आमच्या गावची समजूत. पायलटच्या खिशात विडी होती, माझ्या पिशवीत सकाळी पाववाल्या पोदेराकडून घेतलेले उंडे होते. गडग्याच्या दगडावर विडी आणि पाव ठेवून आम्ही देवचाराला साक्षी ठेवलं. जागा दोघांचीच. बायकोला नाही, मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. फक्त उमललेली घ्यायची, कळ्या ठेवायच्या. रोयण खणायची नाही. जे मिळेल ते दोन पानांत सारखं. सारखं करायचं काम माझ्याकडे, कारण वजन हा माझा विषय.

त्या जागेची माती वेगळी होती. डोंगर सगळा तांबडा, पण रोयणीखाली जांभळट काळी माती, मध्ये बारीक चकाकी. खनिजाची माती. मी पायलटला म्हटलं, इथे कुणी काटा बसवला असता तर मला घरून डबा आला असता. मुळाला लागलेली ती माती आम्ही ओढ्यात धुऊन टाकायचो, कुणाला संशय नको म्हणून.

पुढचे पावसाळे असे गेले. मी छत्री आणि दुधाची बरणी घेऊन डेअरीच्या वाटेने निघायचो, तो गाडी काढून पेट्रोल भरायला म्हणून उलट्या बाजूने. डोंगराच्या मागच्या अंगाला भेटायचो. सत्तरीच्या जवळ पोचलेले दोन म्हातारे चोरासारखे करवंदीत शिरायचे, त्यात केवढा आनंद होता तो मला इथे लिहून सांगता येणार नाही. बायको विचारायची, कुठून आणली? मी म्हणायचो, देवाने दिली. ती खोबरं किसायला बसायची.

गेल्या वर्षी आषाढ संपता संपता पायलटचा गुडघा फार दुखायला लागला, असं तो म्हणाला. शिवाय ह्या वर्षी मेघ गरजला नाही, गरजल्याशिवाय अळमी फुटत नाहीत, तेव्हा नागपंचमी होईपर्यंत वर जाण्यात अर्थ नाही, असंही म्हणाला. मी एकटा जाऊन बघून येतो म्हटलं, तर त्याने सांगितलं की वर बिबटा फिरतोय, कुणाचं तरी कुत्रं नेलं. मी गेलो नाही. मी त्याच्या सोप्यावर बसून त्याच्या गुडघ्याला तेल चोळून दिलं. हे मुद्दाम लिहून ठेवतो. तेल मी चोळलं.

श्रावणातल्या एका रविवारी बायकोने मला आयताराच्या, म्हणजे श्रावणी रविवारच्या, पूजेची पानंफुलं आणायला धारगळला पाठवलं. हमरस्त्याच्या कडेला बायका बसतात. काकड्या, दोडकी, हळदीची पानं, आणि श्रावणात अळमी. एका निळ्या प्लास्टिकखाली सिंधुदुर्गातून पहिल्या बसने येणारी एक बाई बसली होती. तिच्यापुढे मोठ्या पानांत मांडलेली अळमी होती, आणि उमललेल्यांच्या शेजारी वेगळा ढीग कळ्यांचा. कळ्या बघून मला वाईट वाटलं. कुठल्या तरी बिचाऱ्या रोयणीचं कुणी वाटोळं केलं, असं मनात आलं. मग मी वाकून मुळाची माती बघितली.

तीस वर्षं मी माती बघून ट्रक कुठल्या खड्ड्यातून भरला ते सांगत होतो. माझी चूक होत नसे. ती जांभळट काळी माती, त्यात बारीक चकाकी.

"ताजी आसत, आजोबा," बाई म्हणाली. "आज पहाटची."

कुठली, असं मी विचारलं. डोंगरावरची, म्हणाली. कुठल्या डोंगरावरची?

"ता माका काय म्हायत? पेडण्याकडचे एक आजोबा मोटारसायकलीवरसून आणून देतत. आठ दिस झाले. गुडघो दुखता त्येंचो, तरी चुकणत नाय. माणूस खरो."

तिने हे अगदी साध्या मनाने सांगितलं. मला कुणी ओळखीचं बघतंय का, असं मी उगाच मागे वळून बघितलं. मग एक पान विकत घेतलं. का घेतलं ते अजून कळत नाही. पूजेची पानंफुलं विसरलो. बायकोने पुडा उघडला, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं नाही. शागुती झाली. मी जेवलो. चव नेहमीसारखीच होती आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी एकटा डोंगरावर गेलो. बिबट्याची मला भीती वाटली नाही, कारण तोही खोटाच निघणार हे मी धरून चाललो होतो. करवंदी मोडून सरळ वाट केलेली. रोयण एका अंगाने कुदळीने उकरलेली, आतल्या पांढऱ्या मुंग्या पावसात उघड्या. एकही कळी शिल्लक नाही. गडग्याजवळ लाल रंग लावलेल्या खुंट्या ठोकल्या होत्या, त्या मी बघितल्या, पण माझं डोकं त्यांच्याकडे गेलं नाही. मी छत्रीच्या टोकाने माती ढकलून उकरलेला भाग झाकायचा प्रयत्न केला. वेडेपणाच होता. निघताना त्या मातीचं एक ढेकूळ पिशवीत टाकलं.

त्यानंतर तीन दिवस मी रोजच्यासारखा पायलटकडे जात राहिलो. त्याने आपण होऊन सांगावं म्हणून. पहिल्या दिवशी विचारलं, काय, अळम्यांचं काय वाटतं? तो आभाळाकडे बघून म्हणाला, अजून पंधरा दिवस. दुसऱ्या दिवशी मीच गुडघ्याचा विषय काढला. त्याने दोन पावलं लंगडून दाखवली. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, बिबट्याचं काही कळलं? तर म्हणाला, काल रात्री ओरडला, तुला ऐकू नाही आला? एवढं सफाईने बोलणारा माणूस शाळेत नापास कसा झाला, असं मला वाटत राहिलं. त्याच्या डोळ्यांत काहीही नव्हतं. मला वाटायचं की ह्या माणसाचा चेहरा मी पाठ केलाय. त्या तीन दिवसांत तो चेहरा मला नवा दिसायला लागला, आणि मग मागची सगळी वर्षं संशयात आली. त्याने वाटून घेताना कधी एक अळमं खिशात घातलं असेल का? गाय खरंच चुकली होती का? असले विचार यायचे, आणि त्यांची मलाच लाज वाटायची.

चौथ्या दिवशी मी ते ढेकूळ पिशवीतून काढून सोप्यावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं. ही माती कुठली, ते सांग म्हटलं.

आतून त्याची बायको डोकावली, तिला त्याने चहा ठेवायला सांगून आत पाठवलं. मग म्हणाला, "डोंगर गेलो रे."

मग एकेक निघालं. भाटकाराने जमीन विकली होती. बाहेरगावची पार्टी, बंगले बांधणार, प्रत्येकाला पोहायचा हौद. वैशाखात ती माणसं जमीन बघायला आली, तेव्हा बसस्टँडवर कुणी तरी पायलटचं नाव सांगितलं, कारण डोंगराच्या सगळ्या वाटा त्यालाच ठाऊक. ह्याने त्यांना मागे बसवून फिरवलं. हद्दी दाखवल्या, झरा दाखवला, गडगा कुठून कुठे जातो ते दाखवलं. कागदावर साक्षीदार म्हणून सही पण केली. दसऱ्यानंतर कुंपण पडणार हे त्याला तेव्हापासून माहीत होतं. मग ह्या वर्षी कळ्या कुणासाठी ठेवायच्या, असं त्याने मलाच विचारलं.

मी म्हटलं, ते राहू दे. मला का नाही सांगितलं?

"तुका सांगला असता, तर तू अर्ज केलो असतंस."

हे खरं होतं. मी अर्ज केला असता. निवृत्तीनंतर मी पंचायतीला बस थांब्याच्या छपराबद्दल, पथदिव्याबद्दल, तळ्यात टाकल्या जाणाऱ्या बाटल्यांबद्दल इतके अर्ज केलेत की मी दारात दिसलो की पंचायतीचा सचिव खुर्ची बदलतो. डोंगर विकतायत म्हटल्यावर मी गप्प बसलो नसतो. पायलटने मला बरोबर ओळखलं होतं. त्या ओळखीचा उपयोग त्याने मला बाहेर ठेवायला केला, हे मात्र मला सहन झालं नाही. वैशाखात त्याने त्या लोकांना डोंगर दाखवला आणि ज्येष्ठात माझ्याबरोबर बुरुडाकडे येऊन अळम्यांसाठी नवी टोपली निवडली. ही फार उथळ, ही घेऊ, असं म्हणून खोल टोपली त्यानेच उचलली होती. ते आठवलं आणि मी उठलो. त्याची बायको चहा घेऊन दाराशी आली होती. मी चहा घेतला नाही. त्या घरात चहाला नाही म्हणायची ती माझी पहिली वेळ. कप हातात धरून ती बिचारी तशीच उभी राहिली.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. शपथ मोडली, पण आता तिचं काय राहिलं होतं? जागेचं वर्णन करायला लागलो, काजूच्या वर, पडका गडगा आहे ना, त्याच्यापलीकडे... तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "करवंदीच्या मागची रोयण ना? आम्हाला ठाऊक आहे ती."

आम्हाला म्हणजे कुणाला? तर तिला आणि पायलटच्या बायकोला. पहिल्याच वर्षी पायलटने घरी सांगून टाकलं होतं. देवचारासमोर विडी ठेवली त्याच संध्याकाळी. आणि त्याच्या बायकोने दुसऱ्या दिवशी विहिरीवर माझ्या बायकोला.

मी विचारलं, मग तुम्ही कधी गेला नाहीत ते?

ती म्हणाली, आम्ही कशाला जाऊ? तुमचा खेळ होता तो. मुलांचा खेळ मोडतात का?

इतकी वर्षं मी दुधाची बरणी घेऊन मुद्दाम वाकड्या वाटेने जायचो आणि ही मागच्या दारातून बघून हसत असणार. पायलटच्या बायकोबरोबर मिळून हसत असणार. त्या रात्री मला कोण जास्त फसवतंय ते ठरवता आलं नाही. पण एक गोष्ट खरी, त्या दोघींनी एक कळीदेखील तोडली नाही. जागा राखली ती त्यांनी. शपथ घेतलेल्यांपैकी एकाने पहिल्याच दिवशी सांगितली आणि शेवटी खणून काढली.

मी अर्ज केलाच. दोन पानी, स्वच्छ अक्षरात. सचिवाने ह्या वेळी खुर्ची बदलली नाही. त्याने मला बसवलं आणि शांतपणे समजावलं की व्यवहार झालेला आहे, हरकतीची वेळ गेली. पुरावा म्हणून कागदाची नक्कल दाखवली. खाली पायलटची सही होती. सहीखालची रेघ शेवटी वर वळवून तिला गाठ मारायची, ही माझी लहानपणची पद्धत. शाळेत माझं बघून त्याने ती उचलली होती. मी नक्कल परत दिली आणि चष्मा पुसत बसलो.

चतुर्थी आली. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडाच्या चौकटीला रानातली फळं, फुलं, घोस बांधायचे. नारळ, सुपारीचं शिपटं, केळीचा घड बाजारात मिळतो, पण कांगलां, माटुंगी, रानातली लाल पिवळी फळं डोंगर धुंडाळल्याशिवाय मिळत नाहीत. ती आम्ही दोघं मिळून आणायचो. गेल्या वर्षी मी एकटा गेलो. पायलट झाडं ओळखायचा आणि मी पिशवी धरायचो, हे मला रानात गेल्यावर कळलं. जे आणलं त्यातलं निम्मं नातीने मोबाईलवर बघून बाद केलं. एक तर विषारी निघालं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्या फाटकाला एक गाठोडं लटकत होतं. केळीच्या पानात बांधलेलं, आत सगळं होतं, कांगलांचे घोस, माटुंगी, काही सुटलं नव्हतं. मोटारसायकल वळल्याचा आवाज मी ऐकला होता. बायकोला म्हटलं, राहू दे तिथेच. तिने ऐकलं नाही. देवाशी कशाला भांडता, म्हणाली आणि माटोळी बांधायला मुलाला शिडी आणायला सांगितली. पाच दिवस मी आरती म्हणताना मूर्तीच्या पायांकडे बघत होतो. वर बघितलं नाही.

दसऱ्यानंतर डोंगराला हिरवे पत्रे लागले. गडगा गेला, काजू गेले. जेसीबी चालायचा तो आमच्या पडवीत ऐकू यायचा. पायलट आणि मी पेडण्याला, बाजारात, देवळात समोरासमोर यायचो. गाव लहान, तोंड कुठे चुकवणार? उकडतंय, थंडी पडली, बस चुकली, एवढं बोलायचो. धुक्यात मी तळ्यावर एकटा जायचो. विमान उतरायचं. वरचा पायलट अजूनही दिसत नव्हता आणि त्याच्यावर बोलायला कुणी नव्हतं. फाल्गुनात त्याच्या बायकोने नीरोची बाटली आणून दिली. मी दुपारपर्यंत ती बघत बसलो आणि दुपारनंतर नीरोचा स्वभाव बदलला. बायको म्हणाली, एवढा हट्ट खाणीवर दाखवला असता तर साहेब झाला असता.

ह्या वर्षी आंबे संपले तेव्हा पायलटचा गुडघा खरंच गेला. म्हापशाला ऑपरेशन झालं. बायकोने सफरचंदं माझ्या हातात दिली आणि बसमध्ये बसवलं. तो खाटेवर पाय लांब करून पडला होता. दाढी वाढलेली. मला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला, नर्सने त्याला दाबून झोपवलं. आम्ही बराच वेळ शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या डब्याबद्दल बोललो. मग तो म्हणाला की त्या पार्टीने त्याला सांगितलं होतं, रोयण राखू, झाडं राखू, फक्त मध्ये मध्ये घरं. त्याने ते खरं मानलं होतं. रोयणीजवळ खुंट्या ठोकल्या तेव्हा त्याला कळलं की काही राखणार नाहीत. म्हणजे त्यालाही कुणी तरी फसवलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलं, पण पुरेसं नाही. मी म्हटलं, तरी आठ दिवस तू मला बिबट्याची गोष्ट सांगत होतास.

निघताना त्याने माझं मनगट धरलं. दुसरी एक जागा आहे, म्हणाला. ओढ्याच्या मोरीपलीकडे, जुन्या जांभळीच्या मागे. लहान रोयण, पण दर वर्षी फुटते. अजून कुणाला माहीत नाही. "तुका म्हणून सांगतंय. कुणाक सांगू नको."

मी बसमध्ये बसलो आणि वाटभर विचार करत आलो. ही जागा त्याला कधीपासून ठाऊक होती? आम्ही एकत्र फिरत होतो तेव्हापासून? म्हणजे तिथे तो एकटा जात होता? की हे आत्ताच, मला खूष करायला रचलेलं? दोन्ही शक्य होतं. पूर्वी मी असा विचार केला नसता, सांगितलं तिथे टोपली घेऊन पोचलो असतो.

त्या संध्याकाळी जेवताना मी बायको, मुलगा, सून आणि नात, चौघांना जागा सांगून टाकली. मोरी, जांभूळ, सगळं. मुलगा माझ्याकडे बघत राहिला, कारण असलं काही मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. नातीने चपातीच्या पिठात बोट बुडवून ताटाशेजारी नकाशा काढला.

श्रावणाच्या दुसऱ्या रविवारी बायको, सून आणि नात तिघी जाऊन आल्या. मी पडवीत पेपर वाचत बसलो. परत आल्या त्या पदरात अळमी घेऊन. फार नव्हती, पण होती. म्हणजे जागा खरी होती. कळ्या ठेवल्या का, असं मी विचारलं. ठेवल्या, असं नातीने सांगितलं, आणि मोजून ठेवल्या असंही म्हणाली. बायकोने शागुती केली आणि एक वाटी झाकून पायलटकडे पाठवली. त्याला मी हरकत घेतली नाही.

दोन दिवसांनी तो काठी टेकत आमच्या फाटकापर्यंत आला. आत आला नाही, मीही बोलावलं नाही. मी बाहेर गेलो. पाऊस भुरभुरत होता. त्याने विचारलं, मोरीपलीकडे गेला होतास का? वाटीतल्या अळम्यांची चव ओळखून विचारत होता, हे उघड होतं.

"मी नाही गेलो," मी म्हटलं.

खोटं बोललो नव्हतो. पण ते वाक्य किती सहज निघालं ह्याचं मला नवल वाटलं, आणि तोही माझ्या चेहऱ्याकडे नवीनच काही दिसल्यासारखा बघत राहिला. मग म्हणाला, पाय ओला करू नको म्हणालाय डॉक्टर, जातो. मी त्याला कोपऱ्यापर्यंत छत्री धरली. तिथून त्याचं घर दिसतं.